भुतांची भाऊबंदकी

इंग्रजी चित्रपटांच्या इतिहासात 1920 ते 1940 या दोन दशकांत असा एक प्रकार भरभराटीला आला की, त्यातील कोणताही चित्रपट पाहताना तो आधी पाहिल्याचा भास होतो, आणि तरीही खुनी कोण हे शेवटपर्यंत ओळखता येत नाही, कारण पुष्कळदा लेखकानेही ते शेवटच्या दहा मिनिटांतच ठरवले असावे असा संशय येतो. अभ्यासक या प्रकाराला ‘ओल्ड डार्क हाउस’, म्हणजे जुन्या अंधाऱ्या वाड्याचा चित्रपट, असे म्हणतात. त्याची लक्षणे ठरलेली आहेत: वादळी रात्र, वस्तीपासून दूर असलेला वाडा, ऐन वेळी तुटणारी टेलिफोनची तार, भिंतीतील सरकती फळी, गरजेपेक्षा कमी बोलणारा बटलर किंवा गरजेपेक्षा जास्त जाणणारी घरकारभारीण, वेड्यांच्या इस्पितळातून नुकताच पळालेला रुग्ण आणि तो उपलब्ध नसल्यास गोरिला. यात मध्यरात्रीच मृत्युपत्र वाचण्याचा आग्रह धरणारा वकील मिळवला की यादी पुरी होते. या प्रकारात भुताचा उलगडा शेवटी मानवी पातळीवर होतोच. मात्र तो वकील दिवसाउजेडी का येत नाही, या गूढाची उकल एकाही चित्रपटाने केलेली नाही.

हा प्रकार जन्माला आला तो रंगभूमीवर. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट आणि अ‍ॅव्हरी हॉपवुड यांचे ‘द बॅट’ 1920 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले, जॉन विलार्डचे ‘द कॅट अँड द कॅनरी’ 1922 साली आले, आणि प्राणिसंग्रहालय पुरे करण्यासाठी राल्फ स्पेन्सने 1925 साली ‘द गोरिला’ दिले. नाट्यनिर्मात्याच्या दृष्टीने या नाटकांचे गुण उघड होते. नेपथ्य एकच लागे, त्याचा अर्धा भाग अंधारात असल्याने रंगाचा खर्च वाचे, आणि प्रेक्षक एकदा किंचाळले की त्या किंचाळण्याचीच लाज वाटून पुढच्या क्षणी हसत, त्यामुळे एका तिकिटात दोन रसांची सोय होई. चित्रपट कंपन्यांनी ही सोय ताबडतोब ओळखली आणि पुढील वीस वर्षे तीच नाटके पुन्हा पुन्हा पडद्यावर आणली.

या चित्रपटांत कोणाला कशाची भीती वाटते याची वर्गवारी केली असता एक चमत्कारिक निष्कर्ष हाती येतो. पडद्यावर वटवाघूळ, मांजर, गोरिला, वेडा, मुखवटेधारी किंवा प्रेत, काहीही वावरत असले तरी त्याच्यामागे उभा असतो तो चुलत भाऊ, भागीदार, विश्वस्त किंवा आशेवर असलेला दूरचा नातलग. पिशाच्चाला मुक्ती हवी असते ही आपल्याकडील समजूत. इथल्या पिशाच्चाला हिस्सा हवा असतो. ‘द कॅट अँड द कॅनरी’मध्ये सायरस वेस्ट हा विक्षिप्त धनिक आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी मृत्युपत्र उघडावे अशी व्यवस्था करतो, आणि वारसदार शहाणा असल्याची खात्री डॉक्टरने न दिल्यास इस्टेट दुसऱ्या नावावर जावी अशी अट घालतो. म्हणजे इतर नातलगांना वारसदार मुलीचा खून करण्याची गरज उरत नाही. तिला एक रात्र पुरेशी घाबरवली की काम भागते. ज्या समाजात भाऊबंदकीचे दावे तीन-तीन पिढ्या चालतात, त्या समाजातील वाचकाला ही कार्यपद्धती सौम्य आणि वेळ वाचवणारी वाटण्याचा संभव आहे.

मात्र सर्वच अंधारे वाडे पाहण्याच्या योग्यतेचे नाहीत, म्हणून निवडीसाठी एक कसोटी सांगणे आवश्यक आहे. ज्या चित्रपटात भिण्याचे आणि हसवण्याचे काम एकाच पात्राकडे असते, तो पाहावा. ज्यात भिण्यासाठी एक माणूस आणि हसवण्यासाठी दुसरा माणूस वेगळ्या पगारावर नेमलेला असतो, तो टाळावा. या दुसऱ्या माणसाला चित्रव्यवसायात ‘कॉमिक रिलीफ’ म्हणतात, म्हणजे गंभीर प्रसंगाचा ताण हलका करण्यासाठी ठेवलेले विनोदी पात्र. प्रत्यक्षात ते पडद्यावर आले की कथा थांबते आणि ते जाईपर्यंत खुनीही सौजन्याने वाट पाहत उभा राहतो, असा अनुभव येतो.

या कसोटीला पूर्णपणे उतरणारा पहिला चित्रपट म्हणजे पॉल लेनी या जर्मन दिग्दर्शकाने युनिव्हर्सल कंपनीसाठी 1927 साली केलेला ‘द कॅट अँड द कॅनरी’ हा मूकपट. लेनी मूळचा नेपथ्यकार. जर्मनीतील ‘एक्स्प्रेशनिझम’ या शैलीत, म्हणजे पात्राच्या मनातील भीती भिंतींच्या, सावल्यांच्या आणि वाकड्या कोनांच्या रूपाने दाखवण्याच्या पद्धतीत, तो मुरलेला होता. आरंभीच मरणासन्न सायरस वेस्टभोवती औषधांच्या अवाढव्य बाटल्या आणि त्याहून अवाढव्य मांजरे दिसतात, कारण नातलग आपल्या पैशाभोवती कॅनरी पक्ष्याभोवतीच्या मांजरांप्रमाणे टपले आहेत असे त्याचे मत असते. पुढे कॅमेरा पडदे उडणाऱ्या लांबलचक बोळातून सरकत जातो, आणि संवादाच्या पाट्यांवरील अक्षरेसुद्धा भीतीने थरथरतात. नायक पॉल जोन्स हा गोल चष्म्याचा भित्रा तरुण आहे. तो स्वतः घाबरतो, त्यामुळे हसवतो आणि घाबरूनही जागचा हलत नाही, त्यामुळे नायक ठरतो. भीती आणि विनोद यांचा संसार एकाच देहात कसा चालतो याचे हे आद्य उदाहरण असल्याने मूकपटाचा कंटाळा असणाऱ्यानेही ते पाहावे. याच कथेवरून 1930 साली निघालेला ‘द कॅट क्रीप्स’ हा बोलपट आज हरवलेला आहे, तेव्हा तो टाळण्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

रोलँड वेस्टच्या ‘द बॅट व्हिस्पर्स’ (1930) या चित्रपटाबाबत निर्णय इतका सरळ नाही. वेस्टने ‘द बॅट’ हेच नाटक 1926 साली मूकपट म्हणून केले होते; चार वर्षांनी ते पुन्हा करताना त्याने नेहमीच्या 35 मिलिमीटर फिल्मबरोबरच 65 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवरही चित्रण केले. त्या रुंद चित्रात कॅमेरा उंच इमारतीवरून झेपावत खाली येतो आणि छोट्या प्रतिकृतींच्या साह्याने उभारलेल्या अंगणातून थेट वाड्यात शिरतो, हे दृश्य आजही थक्क करते. दुर्दैवाने मंदीच्या काळात रुंद पडदा बसवण्याचा खर्च चित्रपटगृहांच्या मालकांना पेलवेना आणि हा प्रयोग तिथेच विरला. कॅमेरा असा पाखरासारखा उडत असताना कथा मात्र दिवाणखान्यात बसून राहते, आणि लिझी नावाची मोलकरीण, जिची नेमणूकच हसवण्याच्या खात्यात झालेली आहे, ती दर काही मिनिटांनी किंकाळी फोडून प्रेक्षकाच्या सहनशक्तीची परीक्षा पाहते. शेवटी अभिनेता चेस्टर मॉरिस पडद्यासमोर येऊन वटवाघळाची ओळख कोणाला सांगू नये अशी विनंती करतो. ती मान्य करणे सोपे जाते, कारण लिझीच्या आवाजात उलगड्याचे धागे बरेचसे वाहून गेलेले असतात. कॅमेऱ्यासाठी चित्रपट पाहावा आणि लिझी येताच आवाज बंद करावा, हा मध्यम मार्ग सुचवता येतो. बॉब केन याने ‘बॅटमॅन’ या चित्रकथेच्या नायकाची प्रेरणा म्हणून या चित्रपटाचा उल्लेख केला असल्याने त्या नायकाच्या भक्तांना तेवढी सवलतही मिळणार नाही. त्यांनी तो आवाजासह पाहावा.

पुनरावृत्तीच्या शास्त्रात सर्वोच्च स्थान अर्ल डेर बिगर्सच्या ‘सेव्हन कीज टू बाल्डपेट’ या 1913 च्या कादंबरीचे आहे. त्याच वर्षी जॉर्ज एम. कोहनने तिचे नाटक केले, आणि हॉलिवूडने 1917, 1925, 1929, 1935 व 1947 असे पाच वेळा तिचे चित्रपट केले. कथेतील लेखक चोवीस तासांत कादंबरी लिहिण्याची पैज लावून हिवाळ्यात बंद असलेल्या डोंगरावरील हॉटेलात जातो. हॉटेलची एकमेव किल्ली आपल्याकडे आहे असे त्याला वाटत असते, पण एकामागून एक सहा माणसे स्वतःची किल्ली घेऊन आत येतात. लाचेची रक्कम, प्रेत, प्रेमप्रकरण आणि भ्रष्ट अधिकारी इतके सगळे घडूनही कथेतील सर्वांत अद्भुत गोष्ट ही उरते की, लेखक मजकूर वेळेवर देतो. या पाचांपैकी हाताला लागेल तो एक पाहावा. दुसरा पाहण्याची इच्छा झाल्यास पहिलाच पुन्हा लावावा, फरक फारसा जाणवणार नाही. बिगर्सने पुढे ‘चार्ली चॅन’ हा चिनी वंशाचा गुप्तहेर निर्माण केला आणि त्याच्यावरही चित्रपटांची रांग लागली, पण त्यात चॅनची भूमिका आधी वॉर्नर ओलंड या स्वीडिश आणि नंतर सिडनी टोलर या अमेरिकन नटाने केली. एवढ्या नामांकित गुप्तहेराच्या नजरेतून ही गोष्ट कशी सुटली, हे रहस्य कायम आहे.

ज्या चित्रपटावरून या साऱ्या प्रकाराला नाव पडले तो जेम्स व्हेलचा ‘द ओल्ड डार्क हाउस’ (1932) मात्र नियमाला अपवाद आहे, आणि तो सर्वश्रेष्ठ आहे तोही त्यामुळेच. जे. बी. प्रीस्टलीच्या ‘बेनाइटेड’ या कादंबरीवरील या चित्रपटात मुसळधार पावसात अडकलेले पाच प्रवासी वेल्समधील फेम कुटुंबाच्या वाड्यात आसरा घेतात. येथे मृत्युपत्र नाही, वकील नाही, वारसदार शोधण्याची घाई नाही. कारण या घराण्याकडे वारसाने मिळण्याजोगे वेडाखेरीज फारसे काही शिल्लक राहिलेले नाही. घरातला होरेस फेम, म्हणजे अर्नेस्ट थेसिजर हा काटकुळा नट, पाहुण्यांना उकडलेला बटाटा अशा थंड सौजन्याने पुढे करतो की, बटाट्याची भीती वाटू लागते. त्याची बहीण पाहुण्यांना झोपायला खाटा मिळणार नाहीत हे पुन्हा पुन्हा बजावते, आणि माडीवर अंथरुणाला खिळलेल्या एकशे दोन वर्षांच्या वडिलांची भूमिका एल्स्पेथ डजन या अभिनेत्रीने केलेली असून श्रेयनामावलीत तिचे नाव ‘जॉन’ असे दिले आहे. बोरिस कार्लोफ मुका बटलर आहे. चार्ल्स लॉटन आणि पुढे 1997 च्या ‘टायटॅनिक’मध्ये वृद्ध रोझ झालेली ग्लोरिया स्टुअर्ट पाहुण्यांत आहेत. यात विनोदासाठी कोणाचीही स्वतंत्र नेमणूक नाही. जो माणूस ज्या वाक्याने हसवतो, त्याच वाक्याने अंगावर काटा आणतो. हा चित्रपट कित्येक वर्षे हरवल्याचे मानले जात होते; व्हेलचा स्नेही असलेल्या कर्टिस हॅरिंग्टन या दिग्दर्शकाने 1968 साली युनिव्हर्सलच्या कोठारातून त्याची निगेटिव्ह शोधून काढली. याच नावाचा विल्यम कॅसलचा 1963 सालचा चित्रपट हरवलेला नाही, ही गोष्ट टाळणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

बॉब होप या विनोदी नटाने 1939 साली ‘द कॅट अँड द कॅनरी’ पुन्हा केला तेव्हा प्रकार इतका जुना झाला होता की, त्याचे पात्रच अशा नाटकांत कामे केलेला नट आहे आणि पुढे काय घडणार हे तो आधीच सांगत सुटतो. वाडा या वेळी लुईझियानाच्या दलदलीत आहे, आणि गेल सोंडरगार्डने रंगवलेली घरकारभारीण पाहुण्यांकडे पाहते ती त्यांच्या मापाची शवपेटी मनात बसवून पाहत असल्यासारखी. चित्रपट इतका चालला की, पॅरामाउंटने लगेच पुढच्या वर्षी होप आणि पॉलेट गोडार्ड याच जोडीला घेऊन ‘द घोस्ट ब्रेकर्स’ काढला. यात नायिकेला वारसाहक्काने क्यूबातील झपाटलेला किल्ला मिळतो, आणि तो तिने विकावा किंवा सोडावा यासाठी जिवंत व मृत दोन्ही पक्ष प्रयत्नशील असतात. होपची भीती खरी वाटते आणि त्या भीतीतूनच त्याची शाब्दिक फटकेबाजी येते, म्हणून कसोटीनुसार दोन्ही पाहण्याजोगे आहेत. दिग्दर्शक जॉर्ज मार्शलने 1953 साली हीच कथा ‘स्केअर्ड स्टिफ’ या नावाने जेरी लुईसला घेऊन पुन्हा केली; ज्यांना जेरी लुईस सोसतो त्यांनी तो पाहावा, आणि ज्यांना तो सोसत नाही त्यांना हे वाक्य वाचण्याआधीच निर्णय ठाऊक असेल.

‘घोस्ट ब्रेकर्स’मध्ये होपच्या नोकराचे काम विली बेस्ट या कृष्णवर्णीय नटाने केले आहे, आणि त्याच्या संदर्भात या प्रकाराचा सर्वांत अवघड भाग समोर येतो. गोरा नायक निर्भय असल्याने घाबरण्याचे आणि त्यायोगे हसे करून घेण्याचे काम कृष्णवर्णीय नोकराकडे देण्याची तेव्हा रूढी होती. ‘द मॉन्स्टर वॉक्स’ (1932) या चित्रपटात तर बेस्टचे नाव श्रेयनामावलीत ‘झोपा आणि खा’ अशा अर्थाच्या टोपणनावाने छापले आहे. हा चित्रपट टाळण्यास तेवढे कारण पुरे आहे, आणि त्यातील वानर हे दुसरे कारण. होपच्या चित्रपटात मालकही नोकराइतकाच भित्रा निघाल्याने हा अन्याय काहीसा सौम्य होतो, नाहीसा होत नाही. मोनोग्राम कंपनीच्या ‘किंग ऑफ द झोम्बीज’ (1941) मध्ये मॅन्टन मोरलँडला असेच नोकराचे काम मिळाले आहे, पण त्याची विनोदाची वेळ इतकी अचूक आहे की, पांढऱ्या कातडीचे दोन्ही नायक बाजूच्या टेबलखुर्च्यांत मिसळून जातात. या चित्रपटाच्या संगीताला ऑस्करचे नामांकन होते, हे वाचल्यावर पुन्हा एकदा वाचावेसे वाटणारे सत्य आहे.

मोनोग्रामसारख्या कंपन्यांच्या समूहाला हॉलिवूडमध्ये ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे दारिद्र्याची आळी, असे नाव होते. मंदीनंतर अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा रुळली. त्यांतील मुख्य चित्रपटाला जोड म्हणून दिलेला, तासा-सव्वा तासाचा, अल्प खर्चाचा चित्रपट म्हणजे ‘बी-पिक्चर’. या आळीतील पीआरसी कंपनीचा ‘द डेव्हिल बॅट’ (1940) हा कसोटीचा विलक्षण पुरावा आहे. त्यात बेला लुगोसी या नटाने रंगवलेला रसायनतज्ज्ञ विजेच्या साह्याने वटवाघळे फुगवून प्रचंड करतो आणि त्यांना चिडवणाऱ्या वासाचे दाढीनंतर लावायचे लोशन तयार करून ते मालकाच्या कुटुंबीयांना प्रेमाने मानेला लावायला सांगतो. मूळ तक्रार अर्थातच आर्थिक आहे: आपल्या सूत्रावर कंपनी गबर झाली, आणि आपण मात्र भागीदारीऐवजी रोकड घेऊन बसलो, याचे त्याला दुःख आहे. चित्रपटात विनोदासाठी एक छायाचित्रकार रीतसर नेमलेला आहे, परंतु हशा वसूल करतो तो लुगोसी. लोशन लावलेल्या गिऱ्हाइकाला तो ‘शुभरात्री’ऐवजी ज्या धीरगंभीरपणे कायमचा निरोप देतो, त्याला विनोदाच्या इतिहासात तोड नाही. भीती आणि विनोद येथे नकळत का होईना, पण एकाच माणसात एकवटतात, म्हणून तो पाहावा. उलट ‘द गोरिला’ (1939) हा बड्या फॉक्स कंपनीचा असून त्यात हसवण्यासाठी तिघे रिट्झ बंधू, किंचाळण्यासाठी पॅट्सी केली, भिववण्यासाठी लुगोसी आणि पिंजऱ्यासाठी गोरिला, असे खातेवाटप इतके चोख आहे की, कोणीच कोणाच्या कामात ढवळाढवळ करत नाही आणि काहीच घडत नाही. ‘बेला लुगोसी मीट्स अ ब्रुकलिन गोरिला’ (1952) या नावातच पाहणाऱ्याला पुरेशी पूर्वसूचना दिलेली आहे.

वाड्याबाहेरच्या साहसपटांतही मालमत्तेचा धागा सुटत नाही. मॅस्कॉट कंपनीच्या ‘द फँटम एम्पायर’ (1935) या बारा भागांच्या मालिकापटात, म्हणजे दर आठवड्याला नायकाला मरणाच्या दारात सोडून थांबणाऱ्या चित्रपटात, जीन ऑट्री हा गाणारा काउबॉय आपल्या कुरणाखाली जमिनीत खोल दडलेल्या मुरानिया या यंत्रमानवांच्या राज्यात ओढला जातो. राणीचे सैन्य, मृत्युकिरण आणि वरच्या जगातील रेडियमचे चोर यांच्याशी झुंजताना त्याची खरी चिंता वेगळीच असते: दुपारी दोनच्या रेडिओ कार्यक्रमात गाणे चुकले तर करारानुसार कुरण हातचे जाईल. म्हणून तो पाताळातून वर येतो, गातो आणि पुन्हा खाली जातो. जगाच्या अंतापेक्षा करारभंग भयंकर, हे तत्त्व याहून स्पष्ट कोणी मांडलेले नाही. मात्र ते तिसऱ्या भागापर्यंत पुरेसे पटते, आणि उरलेले नऊ भाग केवळ चिकाटीच्या अभ्यासकांसाठी राखून ठेवावेत. वाड्याकडे परतायचे तर मुंबईच्या चित्रसृष्टीत तो 1965 साली एकदम दोनदा बांधला गेला: राजा नवाथे यांच्या ‘गुमनाम’मध्ये आणि मेहमूदने दिग्दर्शित केलेल्या ‘भूत बंगला’मध्ये. दोन्हींत मेहमूद आहे, आणि ‘गुमनाम’मध्ये तर त्याने लुंगीधारी खानसामा होऊन बटलर व विनोदी पात्र ही दोन्ही पदे एकाच पगारात सांभाळली आहेत.

हे चित्रपट आज इतक्या सहज उपलब्ध का आहेत, याचे कारण त्यांच्या कथांना साजेसे आहे. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क पहिल्या 28 वर्षांनंतर अर्ज करून वाढवून घ्यावा लागे. पुष्कळ छोट्या कंपन्या तोवर बुडाल्या होत्या किंवा विसरल्या होत्या, त्यामुळे ‘द डेव्हिल बॅट’सारखे चित्रपट सार्वजनिक मालकीचे झाले, म्हणजे कोणीही ते दाखवावेत, विकावेत वा तोडावेत. लेनीच्या मूकपटाची मुदतही 1 जानेवारी 2023 रोजी, 1927 सालच्या इतर अमेरिकी कृतींबरोबर संपली. ज्यांच्या प्रत्येक रिळात वारसाहक्कासाठी माणसे भिंतींतून हात काढत होती, ते चित्रपट स्वतः बेवारस निघाले. या बेवारशी मालमत्तेवर हक्क सांगणाऱ्यांची आता इतकी गर्दी आहे की, एकेका चित्रपटाच्या डझनभर प्रती फिरत असतात, आणि त्यांतील बहुतेकांत अंधार दिग्दर्शकाने केलेला आहे की प्रत काढणाऱ्याने, हे सांगता येत नाही. तेव्हा संग्रहालयाने दुरुस्त केलेली प्रत मिळत असेल तर ती शोधावी. फुकटच्या प्रतीत खुनी दिसला नाही, तर दोष रहस्याला देऊ नये.